हव्वेबद्दल लिहिलेलं नाही

आमच्या घरी बायबलातल्या उत्पत्तीचं वाचन दरवर्षी रोवणी आटोपल्यावर सुरू व्हायचं. भाताच्या चिखलातून सगळ्यांचे पाय मोकळे झाले, पाण्यानं पांढरी पडलेली बोटांची कातडी पुन्हा जागेवर आली, की एखाद्या संध्याकाळी बाबा ओसरीत कंदील आणून ठेवत आणि म्हणत, "चला, सुरवातीपासून घेऊ." बाबा गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. शाळेत ते हिंदीत शिकवत, कारण कटंगीकडच्या त्या पट्ट्यातली मुलं हिंदी नाहीतर पोवारी बोलत. पण आमचे आजोबा तुमसरकडून आलेले, म्हणून घरातलं बोलणं, भांडण आणि प्रार्थना मराठीत. बाबांची नजर अधू झाली तेव्हापासून वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी मोठ्यानं वाचायची आणि ते डोळे मिटून, ओठ हलवत, मी कुठे अडखळते याची वाट पाहत बसायचे. आधी अंधार आणि पाणी, मग उजेड, मग वरचं आणि खालचं पाणी वेगळं करून मध्ये ठेवलेलं आकाश, मग कोरडी जमीन, गवत, झाडं, चंद्र-सूर्य, मासे, पाखरं, जनावरं. बाहेर बेडकं इतकी ओरडत की मला आवाज चढवावा लागे. स्वयंपाकघरात माय लाखोळीच्या डाळीला लसणाची फोडणी द्यायची, आणि तो खरपूस वास बरोबर माणूस मातीतून घडवला जात असताना ओसरीत यायचा. अजूनही कुणाच्या घरी तशी फोडणी पडली की माझ्या डोळ्यांसमोर ओल्या मातीचा, अजून श्वास न फुंकलेला माणूस उभा राहतो.

माय शाळेत फार गेलेली नव्हती, पण ऐकायची मन लावून. हातात पळी तशीच घेऊन ती दारात येऊन उभी राही आणि मला थांबवी. तिला सृष्टीच्या दिवसांत फारसं काही विचारायचं नसे. तिचे प्रश्न सुरू होत ते हव्वा आणि तिचा नवरा देवाच्या बागेतून बाहेर पडल्यावर.

"त्या दिवशी संध्याकाळी त्याईनं खाल्लं काय?"

"लिहून नाही ना वं," बाबा म्हणत.

"अन् पहिल्या बाळंतपणात तिच्याजवळ कोण होतं? दुसरी बाईच नव्हती ना जगात."

"तेही लिहून नाही."

"मंग लिहिलं तरी काय?" असं म्हणून ती चुलीकडे परत जायची. एक गोष्ट मात्र तिला फार आवडायची. बागेतून घालवून देण्याआधी देवानं त्या दोघांना कातड्याचे कपडे करून घातले, एवढी एकच ओळ तिथे आहे. बाबा शापाबद्दल बोलायचे, काट्याकुसळांबद्दल, घाम गाळून खाव्या लागणाऱ्या भाकरीबद्दल. माय म्हणायची, "बाहेर काढलं ते काढलं. पण उघडं नाही पाठवलं." तिचं सगळं धर्मशास्त्र या एका ओळीत होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. तेव्हा मला भूक लागलेली असायची आणि अध्याय लवकर संपावा एवढंच वाटायचं.

माझे दोन भाऊ. थोरला मनोहर, धाकटा शांतवन, मी शेंडेफळ. मनोहरदादा बाबांसारखा उंच, पण बाबांसारखा बोलका नाही. त्यानं आठवीनंतर शाळा सोडली आणि शेत हातात घेतलं. आमच्याकडे भाताच्या तुकड्याला बांधी म्हणतात. नाल्याच्या बाजूच्या आमच्या बांधीत तो चिन्नोर लावायचा. चिन्नोर उंच वाढतो, उशिरा तयार होतो, जरा वारा आला की लोळतो. पण लोंब्या भरल्या की बांधावरून चालतानाही वास येतो. मनोहर त्या बांधीत इतका वेळ घालवायचा की माय त्याचं जेवण तिकडेच पाठवायची. शांतवनला आम्ही शांतू म्हणायचो, आणि त्याच्याइतकं अशांत माणूस मी पाहिलेलं नाही. त्याच्या बकऱ्या होत्या. बकऱ्या राखता राखता तो ढोलक वाजवायला शिकला, चर्चमध्ये गाणी म्हणायला लागला, आणि गावातल्या प्रत्येक घरात त्याला चहा मिळायला लागला. तो कशावरही हसायचा. बाबांनी रागावलं तरी हसायचा, बकरी मेली तरी आधी हसायचा आणि मग एकटा जाऊन बसायचा. मनोहरला ते हसणं समजत नसे. पण दोघं एकाच ताटात जेवायचे, एका बाजेवर झोपायचे, आणि शांतूच्या अंगात ताप असला की त्याच्या बकऱ्या मनोहरच नाल्यावर न्यायचा.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. कारण पुढे जे झालं त्यानंतर सगळ्या गावाला, अगदी चर्चमध्ये कधी न आलेल्या पोवारांच्या घरांनासुद्धा, हव्वेचे दोन लेक, काइन आणि हाबेल, पाठ झाले. एक शेत कसणारा, एक जनावरं राखणारा. एकाचं अर्पण देवानं मान्य केलं, दुसऱ्याकडे पाहिलं नाही. लोक सांगू लागले की आदल्या वर्षीच्या कापणीच्या सणात चर्चच्या पाळकांनी शांतूच्या करडाचं कौतुक केलं आणि मनोहरच्या धान्याचं नाव घेतलं नाही, तेव्हापासून त्याच्या मनात होतं. हे खोटं आहे. मी तिथे होते. ते करडू पाळकांच्या अंगरख्याचा काठ चावत होतं आणि सगळ्यांत जास्त मनोहर हसला होता. गोष्ट आधीच लिहिलेली असली की लोक माणसांना तिच्यात कोंबतात.

त्या वर्षी चिन्नोर छान आला होता. लोंब्या वाकल्या होत्या, कापणी तोंडावर होती, आणि बांधीतलं उरलेलं पाणी काढून देण्यासाठी मनोहर सकाळीच फावडं घेऊन गेला होता. शांतू बकऱ्या घेऊन मागून गेला. मी अंगणात तांदूळ पाखडत होते. माय चुलीसमोर, बाबा शाळेत जायला कपडे घालत होते. मनोहर एवढ्या लवकर परत आलेला पाहून मला वाटलं, तो काहीतरी विसरला. तो विहिरीपाशी गेला, फावडं काठावर टेकवून ठेवलं, आणि पाणी न काढता तिथेच बसला. माय ओले हात पदराला पुसत बाहेर आली.

"शांतू कुठं हाय?" तिनं सहज विचारलं.

"बांधीत."

"काय करून राह्यला?"

"काहीच नाही," मनोहर म्हणाला.

माय जागीच थांबली. तिनं आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग फावड्याकडे. मग अगदी हळू म्हणाली, "तू काय केलं?"

"बकऱ्या बांधीत घुसल्या होत्या. अर्धी बांधी तुडवली. म्या त्याले म्हटलं, तर तो हासला." मनोहर हे सगळं विहिरीच्या आत पाहत बोलत होता. "म्या एकच मारलं, माय. तो उठूनच नाही राह्यला."

बाबा दारात आले होते. त्यांच्या सदऱ्याची गुंडी अर्धी लागलेली होती. ते तसेच, अनवाणी, बांधीकडे धावले. त्यांना धावताना मी आयुष्यात त्या एकदाच पाहिलं. मायही दोन पावलं त्यांच्यामागे गेली. मग थांबली. बांधीच्या बाजूनं आरडाओरडा सुरू झाला होता, शेजारच्या शेतातल्या माणसांनी पाहिलं होतं. ती वळली, मनोहरला दंडाला धरून उठवलं, स्वयंपाकघरात ढकललं, बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"माय, शांतूकडे चाल," मी म्हटलं. मी रडत होते की नाही, आठवत नाही.

"तू जा," ती म्हणाली. "मले जाता येत नाही."

मी गेले नाही. थोड्या वेळानं त्यांनी शांतूला आणलं, कुणाच्या तरी बाजेवर, अंगावर धोतर टाकून, आणि अंगणात आमच्या पाखडलेल्या तांदळाच्या शेजारी ठेवलं. बाबा बाजेचा पाय धरून चालत होते. मागून माणसं येत होती. पुढे भोजराज होता, शांतूचा जिवलग मित्र, ढोलकीला त्याच्याबरोबर टाळ धरणारा. त्याच्या हातात बैलगाडीच्या बाजूचा जाड दांडा होता, उभारी. त्यानं मायला पाहिलं, कडी पाहिली.

"मावशी, बाजू हो."

"नाही होत."

"उसने शांतू को मार डाला, मावशी," तो हिंदीत बोलायला लागला आणि रडायला लागला. "तेरा शांतू पडला हाय तिथं. तू पाहून तं घे."

"पाहून राह्यली ना," माय म्हणाली. आणि खरंच, ती सगळा वेळ बाजेकडे पाहत होती. भोजराजकडे, उभारीकडे तिचं लक्षच नव्हतं. माणसं ओसरीवर चढली. कुणीतरी तिचा हात ओढला, बांगडी फुटली. तेव्हा बाबा बोलले. अंगणातून, बाजेपासून न हलता, शाळेतल्या आवाजात.

"सोड दार. नेऊ दे त्याले."

सगळे थांबले. मला वाटतं, भोजराजलाही ते अपेक्षित नव्हतं. माय बाबांकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेला.

"देवाले मारता येत नव्हतं काय काइनाले? भावाले मारून समोरच होता ना. तुमीच तं शिकवलं. देवानं त्याले बाहेर काढलं, पण म्हणे, याले कोणी हात लावाचा नाही. त्याच्यावर खूण केली. मंग तुमी कोण होऊन राह्यले?"

भोजराज तिच्या पायांजवळ ओसरीवर बसला आणि उभारी बाजूला ठेवून दिली. कटंगीहून पोलीस येईपर्यंत ती तशीच दाराला टेकून उभी होती. त्यांनी मनोहरला नेलं, गाडी दिसेनाशी झाली, आणि मगच ती अंगणात उतरली. शांतूचं डोकं तिनं मांडीवर घेतलं, पण तोवर ते अंग थंड पडून ताठरलं होतं.

बाबांनी तिला त्याबद्दल माफ केलं नाही. ते तसं एकदाच बोलले, माती देऊन आल्यावर, हात धुताना. "तो अंगणात होता आणि तू दारात उभी होती," एवढंच. नंतर कितीतरी आठवडे त्यांनी तिच्याशी कामापुरतंही बोलणं ठेवलं नाही. काही हवं असलं तर मला सांगत. एक लेकरू गेलेलं, त्याला आता काही होणार नव्हतं. दुसऱ्याला होणार होतं. तिनं हिशेब केला असेल असं मला वाटत नाही. पण तो हिशेब झाला, आणि शांतूच्या वाट्याला त्या सकाळी आई आली नाही, हे ती मरेपर्यंत विसरली नाही.

पाळक भेटायला आले. साधे, सज्जन गृहस्थ होते. त्यांना काय बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून त्यांनी शास्त्र उघडलं आणि हव्वेला हाबेलाच्या जागी शेथ नावाचा मुलगा दिला गेला, ते वाचलं. "देव रिकामी जागा भरून काढतो, बाई," ते म्हणाले. माय खाली पाहून ऐकत होती.

"त्याच्या जागी कोणी नको," ती म्हणाली. "राहू द्या रिकामी." मग विचारलं, "लेकराले मारलं हे कळलं तेव्हा हव्वा काय म्हणली?"

पाळकांनी पान मागे घेतलं, पुढे घेतलं. "तिच्याबद्दल तिथं लिहिलेलं नाही."

"काइनाले भेटाले गेली का ती?"

"तेही नाही."

आज मी बालाघाटला लेकाकडे राहते. माझ्या नातीला रविवारच्या शाळेत रंगीत चित्रं देतात. एका चित्रात बाग, दुसऱ्यात दोघं मान खाली घालून बाहेर निघालेले, आणि तिसऱ्यात एकदम नोहाचं तारू, त्यात जिराफ. मधलं काही नाही. ती मला हिंदीत विचारते, "फिर क्या हुआ, दादी?" आणि मी सांगते की मग माणसं वाढली, खूप वाढली, आणि पाऊस आला. तिच्या वयाला तेवढं पुरे. पण मला माहीत आहे की पृथ्वीवरचं पहिलं मरण म्हातारपणानं आलेलं नाही, आजारानं नाही. ते एका शेतात आलं, आणि ज्या बाईच्या पोटी दोघंही जन्मले तिचा त्या दिवसाचा एक शब्दही त्या अध्यायात नाही.

त्या वर्षी सगळ्यांच्या कापण्या झाल्या. आमच्या बाकीच्या बांध्यासुद्धा मजुरांनी कापल्या. ती एक बांधी उभी राहिली. एकही बाई तिच्यात उतरायला तयार होईना. चिन्नोर पिकून गळायला आला, पाखरांचे थवे उतरू लागले. बाबा मला म्हणाले, "तुझ्या मायले सांग, ती तशीच राहू दे. त्या जमिनीनं रक्त प्यालं हाय. शास्त्रात लिहिलं हाय की ती पीक देणार नाही." माय शेजारीच बसली होती. तिनं उत्तर मलाच दिलं. "त्याईले सांग, दिलं ना तिनं पीक. उभं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विळा घेऊन निघाली, आणि मी मागून गेले. दव इतकं होतं की कमरेपर्यंत भिजलो. बकऱ्यांनी तुडवलेला भाग काळा पडला होता, त्याच्या मध्ये एक जागा होती जिथे धान दाबून बसल्यासारखं सपाट झालेलं. मी तिकडे पाहायचं टाळत कडेकडेनं कापत होते. माय सरळ तिथूनच सुरू झाली. तिनं आधी तिथे गुडघे टेकले, हात जमिनीवर ठेवला, जसा ताप पाहायला कपाळावर ठेवतात तसा, आणि कापायला लागली. विळ्याचा कर्र असा आवाज, दूर कुणाच्या तरी खळ्यावर बैलांना हाकणं, आणि सगळीकडे तो चिन्नोरचा वास, जो मला नेहमी सणाचा वाटायचा. त्या दिवशी मी नाकावर फडकं बांधून कापत राहिले. दुपारी भाकरीचं फडकं सोडलं तेव्हा माय माझ्या हाताकडे पाहून म्हणाली, "बोट कापून घेशील. दमानं." आम्ही ती बांधी कापली, पेंढ्या बांधल्या, वाहिल्या, आणि मळणीही आम्हीच केली. धान फार नव्हतं. पण होतं.

कापणीच्या सणाला लोक आपापलं पहिलं पीक चर्चमध्ये आणतात. पत्र्याच्या त्या लहान चर्चमध्ये वेदीसमोर भोपळे, केळीचे घड, पाय बांधलेल्या कोंबड्या, तांदळाच्या टोपल्या असा ढीग लागतो. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो, पोरंटोरं ओरडतात, हशा होतो. त्या वर्षी आम्ही जाणार नाही असंच सगळ्यांना वाटत होतं. मलाही. बाबा एकटेच पुढे गेले होते. उपासना सुरू झाल्यावर माय दारातून आत आली, डोक्यावर पोतं. आत गाणं चाललं होतं. ते रांगेरांगेनं विझत गेलं. ती मधल्या वाटेनं चालत गेली आणि पोतं बाकीच्या अर्पणांशेजारी ठेवलं. कोणत्या बांधीचं ते विचारायची गरज नव्हती, वास सगळ्यांना आला होता.

पाळक खाली उतरून तिच्याजवळ आले. "बाई, हे आज राहू दिलं असतं. लोकांच्या मनाला लागेल."

"लोकायसाठी नाही आणलं."

"काइनाचं अर्पण देवानं..." ते थांबले. त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी.

"हे काइनाचं नाही," माय म्हणाली. "त्यानं पेरलं, दुसऱ्यानं त्याच्यात जीव सोडला, अन् म्या कापलं. आता देवानं पाहावं नाहीतर नाही पाहावं."

ती बायकांच्या बाजूला येऊन माझ्याजवळ बसली. उपासना कशीतरी पूर्ण झाली. लिलाव झाला, पण हसणं नव्हतं. भोपळे गेले, कोंबड्या गेल्या. पोत्यापाशी आल्यावर पाळकांनी बोली पुकारली आणि कुणी तोंड उघडलं नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. भोजराज मागच्या भिंतीला टेकून उभा होता, तो बाहेर निघून गेला. सगळा ढीग हलला आणि रिकाम्या फरशीवर ते एकच पोतं राहिलं. माय समोर पाहत बसली होती. तिच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती. हळूहळू लोक चपला शोधत दाराकडे निघाले.

तेव्हा पुरुषांच्या बाजूनं बाबा उठले. नजर अधू, त्यामुळे ते बाकांच्या कडा चाचपत पुढे गेले. वाकून त्यांनी पोत्याचे कान धरले, एकदा प्रयत्न केला, जमलं नाही, दुसऱ्यांदा खांद्यावर घेतलं. मास्तरांना ओझं उचलताना गावानं कधी पाहिलं नव्हतं. दारातली माणसं बाजूला झाली. ते पोतं घेऊन ते घरापर्यंत चालत आले, आम्ही दोघी मागून. घरी आल्यावर त्यांनी ते ओसरीवर ठेवलं आणि बऱ्याच दिवसांनी मायकडे पाहून, मला मध्ये न घालता म्हणाले, "पोराले नेऊन दे."

मनोहर बालाघाटच्या जेलात होता. माय आधीही एकदा जाऊन आली होती, पण तो भेटायला बाहेर आलाच नव्हता. या वेळी तिनं चिन्नोरचा भात रांधला, त्यावर वरण, एका डब्यात भरलं, फडक्यात बांधलं, आणि आम्ही सकाळच्या छोट्या लाईनच्या, नॅरोगेजच्या गाडीनं निघालो. ती गाडी आता राहिली नाही. तेव्हा ती वारासिवनीपर्यंत इतकी सावकाश जायची की माणसं मध्येच उतरून बोरं तोडून पुन्हा चढत. माय डबा मांडीवरून खाली ठेवेना. जेलच्या दारात शिपायानं तो उघडायला लावला. "पहले आप खाके दिखाओ, अम्मा." असा नियम होता. मायनं एक घास घेतला, चावला, गिळला. त्या धानाचा आमच्यापैकी कुणी खाल्लेला तो पहिला घास.

मनोहर आला. दाढी वाढलेली, खांदे पडलेले. जाळीच्या पलीकडे उभा राहिला. डबा त्याच्या हातात गेला, त्यानं झाकण काढलं, आणि वास येताच ते पुन्हा लावायला गेला.

"कोणत्या बांधीचा?"

"नाल्याकडच्या."

"कोणी कापली?"

"म्या अन् एस्तेरनं."

तो डब्याकडे पाहत राहिला. "मले जात नाही, माय."

"जाईल," ती म्हणाली. "बस खाली."

तो खाली बसला. पहिला घास त्याला बराच वेळ गिळता आला नाही. दुसरा त्याहून अवघड गेला. माय जाळीला हात लावून उभी होती आणि तो लहान असताना औषध पाजायची तसं त्याच्याकडे पाहत होती, थांबू न देता. त्यानं सगळा भात खाल्ला. शेवटी त्याचं नाक, दाढी, सगळं ओलं झालं होतं. डबा परत देताना त्यानं विचारलं, "बाबा?"

"घरी हायेत."

"ते येणार नाही."

"म्या कधी म्हटलं येतील म्हणून," माय म्हणाली. "मी येईन."

त्याला जन्मठेप झाली. खटल्यात मायनं काय पाहिलं आणि काय ऐकलं ते सगळं जसंच्या तसं सांगितलं, काही लपवलं नाही. शिक्षा भोगून सुटल्यावर मनोहरदादा गावी आला नाही. हट्टा गावाकडे दुसऱ्याच्या शेतावर राबत राहिला, लग्न केलं नाही, शेत स्वतःचं घेतलं नाही, आणि तिकडेच वारला. त्याच्या अंगावर कुणी हात टाकला नाही हे खरं. पण त्याच्या घरी कुणी गेलं नाही हेही खरं.

पण मला सांगायचं आहे ते त्या उन्हाळ्याचं. निकालाच्या आधी आमचं जेलात जाणं चालूच होतं. एके सकाळी आम्ही दोघी स्टेशनवर गाडीत बसलो. गाडी सुटायला अवकाश होता, खिडकीतून मोहाच्या फुलांचा उग्र वास येत होता. डब्याच्या दारात कुणीतरी दांडा चाचपत चढताना दिसलं. बाबा होते. धुतलेलं धोतर, बंद गळ्याचा कोट, जो ते फक्त शाळा तपासायला साहेब आले की घालत. आम्हाला त्यांनी घरी काहीच सांगितलं नव्हतं. ते आमच्या बाकापर्यंत आले आणि उभे राहिले. माय सरकली. ते तिच्या शेजारी बसले.

गाडी हलली. शेतं उलटी निघाली होती, सगळी कापलेली, कोरडी, भेगा पडलेली. ज्या माणसानं मला जगाची सुरुवात शब्दन्शब्द शिकवली होती, त्यानं मग बायकोला अगदी हलक्या आवाजात विचारलं, "मी त्याले काय म्हणू?"

माय खिडकीबाहेरच पाहत होती.

"काही नका म्हणू," ती म्हणाली. "बसा नुसतं त्याच्यासमोर."